ताईंचं आलं का?

मागोळीच्या आमदार अनसूयाताई तारळेकर यांनी चौदा वर्षांत विधानसभेत एकदाही तोंड उघडून मत दिलं नाही, ही बातमी गावाला चहाच्या गाड्यावर कळली. सांगणारा माणूस नव्हता, मोबाइल होता. माणूस खोटं बोलला तर त्याला चार शब्द सुनावता येतात. मोबाइलला काय सुनावणार?

'आपला आमदार' नावाचं ते ॲप शहरातल्या कुठल्याशा नागरिक मंचाने नुकतंच सुरू केलं होतं. आपल्या आमदाराचा फोटो दाबायचा, की खाली त्याची सगळी कुंडली. ताईंच्या फोटोखाली लिहिलं होतं: मतं, होय: एकही नाही. नाही: एकही नाही. मौन: सगळी. मांडलेली विधेयकं: दहा. मंजूर: एकही नाही.

दुपारपर्यंत बाजारचौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर ताईंचा फोटो आणि ओठांवर एक भलं मोठं कुलूप. विरोधकांनी लावला म्हणावं, तर ताईंच्याच पक्षाची दोन पोरं दोरी बांधायला शिडीवर चढली होती.

अनसूयाताई त्याच चौकातून चालत घरी आल्या. आमदार झाल्या तरी बाईंचं घर बदललं नव्हतं. यंत्रमागांच्या शेडमागे दोन खोल्या, आणि दिवसभर भिंतीतून खडखडाट. ऐन विशीत त्या याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या, तेव्हाच डावा कान गेला. उजवा निम्माशिम्मा उरला होता. कोपऱ्यावर एका कांडीवाल्या बाईने त्यांना हटकलं.

"ताई, तिकडं तुमी नुसत्या बसूनच असता का वो?"

बाई कुचकटपणाने बोलली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं. ताई हसल्या, "बसून कशाला गं, बोलते की," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. घरात पाण्याचा तांब्या हातात घेऊन त्या किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. कारण ज्या यंत्राने त्यांना मुकं ठरवलं होतं, ते यंत्र त्यांच्या पोटच्या पोरीने बनवलं होतं.

आता हे यंत्र समजायचं, तर आधी आपली विधानसभा मत कशी देते ते समजून घ्यायला हवं. पुष्कळांना वाटतं, तिथे रोज डोकी मोजतात. कुठलं काय! अध्यक्ष महाराज म्हणतात, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." एक गलका उठतो. मग म्हणतात, "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." दुसरा गलका उठतो. कुठला गलका मोठा ते अध्यक्ष आपल्या कानाने ठरवतात आणि तीनदा म्हणतात, "होयचे बहुमत, होयचे बहुमत, होयचे बहुमत." झाला कायदा. कोणी आग्रहच धरला तर मोजणी होते, पण असा आग्रह क्वचितच कोणी धरतो. त्यामुळे कोण काय बोललं हे पिढ्यान् पिढ्या कुणालाच ठाऊक नसायचं. गावात येऊन आमदार छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी तर विरोध केला होता हो." आणि गाव मान डोलवायचं.

ताईंच्या लेकीने, वैजयंतीने, या गलक्याला हात घातला. तसा तिचा तो हेतू नव्हता. ती पुण्यात ध्वनिशास्त्र शिकली आणि मागांच्या खडखडाटातून माणसाचा आवाज तेवढा वेगळा काढणारी एक पट्टी करत बसली होती. कानामागच्या हाडाला लावायची पट्टी. तिचं तत्त्व ऐकायला सोपं आहे. प्रत्येक माणसाच्या गळ्याची लांबी, टाळूची कमान, नाकातली पोकळी वेगळी असते, त्यामुळे आवाजाचा घाटही वेगळा असतो. एखादी सुगरण नुसत्या वासावरून फोडणीत हिंग जास्त झाला की मोहरी करपली हे सांगते ना, तसं यंत्राला घाट ओळखायला शिकवायचं. त्यातून खोलीत चार कोपऱ्यांत चार माइक असले, की एकच आवाज प्रत्येक माइकपाशी किंचित मागेपुढे पोचतो. त्या मागेपुढे होण्यावरून माणूस कुठे बसलाय तेही कळतं. आवाजाचा घाट आणि माणसाची जागा, दोन्ही हाती आल्यावर शेकडो गळ्यांच्या गोंगाटातूनही एकेक गळा वेचून काढता येतो. म्हणून यंत्राचं नाव पडलं वेचक.

नागरिक मंचाने वेचकाला विधानसभेची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवली. प्रत्येक आमदाराची भाषणं होतीच, घाट शिकायला तेवढी पुरली. राहिला एक प्रश्न. सभागृह उंच आणि घुमटाचं. गलका थांबला तरी त्याचा प्रतिध्वनी रेंगाळतो, आणि यंत्र तोच आवाज दोनदा मोजतं. म्हणून वैजयंतीने एक नियम घातला: अध्यक्षांचा प्रश्न संपल्यावर दोन सेकंद ऐकायचं, पुढचं सगळं प्रतिध्वनी समजून टाकून द्यायचं. हा नियम तिने विचार करूनच घातला होता आणि सभागृहातल्या सगळ्यांना तो बरोबर लागू पडत होता. एक बाई सोडून.

मायलेकींचं बिनसलं होतं ते मात्र त्याआधीच, सात वर्षांपूर्वी. वैजयंतीचे वडील शेडमध्ये जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. पन्नाशीत ठार बहिरे झाले. मागून येणाऱ्या टेंपोचा भोंगा त्यांना ऐकू आला नाही आणि घरासमोरच्या रस्त्यावरच ते गेले. त्यानंतर वर्षभरात सरकारने एक सवलत कायदा आणला. लहान शेडना आवाजाच्या तपासणीतून सूट. मागोळीतल्या मालकांनी एका शेडवर पाच-पाच नावांच्या पाट्या लावल्या आणि सगळे रातोरात लहान झाले. ताईंचा पक्ष सत्तेत होता. वैजयंतीने पेपर आईपुढे टाकला होता.

"सत्ताधाऱ्यांच्या आवाजी मताने संमत, असं छापलंय. सत्ताधारी म्हणजे तुझंही त्यात आलं."

"मी नाही म्हटलं होतं गं."

"कोणी ऐकलं?"

वैजयंती पुण्याला गेली ती गेलीच. मग फोन यायचे ते औषधं घेतलीस का, एवढं विचारायला. वेचक तयार झालं तेव्हा तिने सगळ्यात आधी त्याच दिवसाचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि फोन केला. "आई, तू होय पण नाही म्हणालीस आणि नाही पण नाही. तू गप्प बसली होतीस. ते परवडलं असतं मला. खोटं तरी बोलायचं नव्हतंस."

त्या दिवसापासून ताईंचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. गोंधळ तर होताच त्या मतदानाच्या दिवशी. आपण बोललो की नुसतंच मनात म्हटलं? अधू कानाच्या माणसाला स्वतःच्या आवाजाचीही खात्री नसते.

इकडे वेचकाने सभागृहाची पार रया घालवली. आधी विधान भवनाने ते अधिकृतपणे बसवून घेतलं आणि अध्यक्षांच्या डोक्यावर आकड्यांचा फलक लावला. मग आमदारांनी आपापल्या मतदारसंघात फ्लेक्स बघितले. हळूहळू सभागृह मुकं व्हायला लागलं. सरकारी विधेयकाला पक्षाचा व्हिप असायचा, तिथे बोलायला भीती नव्हती, वरून हुकूमच होता. पण जिथे व्हिप नाही तिथे कोणी ब्र काढेना. एकदा अध्यक्षांनी विचारलं, जेवणाची सुट्टी अर्धा तास वाढवायची का? शेतकऱ्यांचे प्रश्न सोडून आमदार जेवत बसले, असं ॲपवर दिसेल या भीतीने एकानेही होय म्हटलं नाही. नाही म्हणायलाही कोणी धजेना, शेजारचा उपाशी आमदार लक्षात ठेवील म्हणून. सगळे निमूट बसले आणि सुट्टी वाढली नाही. ताई तेव्हा पोटभर हसल्या होत्या.

त्यांचं हसू पक्षाचे प्रतोद हंबीरराव नलगे यांनी आवरायला लावलं. प्रतोद म्हणजे पक्षाच्या आमदारांना हाकणारा माणूस. हंबीरराव गोड बोलून हाकायचे. आमदार निवासातल्या ताईंच्या खोलीत येऊन त्यांनी चहा मागितला, दोनदा साखर घालून घेतली आणि मग मुद्द्यावर आले.

"ताई, शुक्रवारी तुमचं ते कानाचं विधेयक आहे म्हणे. अकराव्यांदा."

"आहे."

ते होतं यंत्रमाग कामगार श्रवणरक्षण विधेयक. शेड लहान असो की मोठी, आवाजाची तपासणी झालीच पाहिजे. मागाखाली धक्का शोषणाऱ्या गाद्या घातल्याच पाहिजेत. दरवर्षी प्रत्येक कामगाराचे कान तपासले पाहिजेत. सरकारने न आणलेलं, एकट्या आमदाराने मांडलेलं विधेयक हे. अशांची एक ठरलेली रीत असते. आमदार भाषण करतो, मंत्री म्हणतात 'सरकार सकारात्मक आहे', आणि आमदार मंत्र्यांचे आभार मानून विधेयक मागे घेतो. ताईंनी दहा वेळा आभार मानले होते. पहिल्या वेळी तर मनापासून.

"याही वेळी मंत्रिमहोदय छान आश्वासन देतील," हंबीरराव म्हणाले. "घ्या मागे. नाही घेतलंत तर मतदान लागेल. आपलेच लोक अडचणीत येतील हो. होय म्हटलं तर मालक नाराज, नाही म्हटलं तर कामगार. उगाच कशाला सगळ्यांना उघडं पाडता? आणि तिकिटाचं बघा. वर ते ॲप उघडून बसलेत. म्हणतात, मुक्या बाईला चौथ्यांदा कशाला? मी म्हटलं, थांबा, ताई आपलं ऐकतात."

"नाही ऐकलं तर?"

"तर तिकीट नाही," हंबीरराव अगदी मायेने म्हणाले आणि कप खाली ठेवला.

तिकीट गेलं की विधेयकही गेलं, हे ताईंना कळत होतं. त्यांच्यामागे हे विधेयक मांडणारं दुसरं कोणीच नव्हतं. मागे घेतलं तर निदान बाराव्यांदा मांडता येईल, असं मन सांगत होतं. गेल्या दहाही वेळी मनाने हेच सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात मागोळीत कानतपासणीचं शिबिर होतं. वैजयंती आपल्या पट्ट्या घेऊन आली होती. आमदार म्हणून ताईंना बोलवावं लागलं आणि आई म्हणून टाळता आलं नाही. नारळ फुटला, आणि बायकांनी गलका केला, पहिली तपासणी ताईंची. वैजयंतीने कोरड्या आवाजात समजावलं, "पेटीतून एक शब्द येईल. ऐकू आला की म्हणायचा."

पेटी म्हणाली, "पाणी."

ताईंनी वैजयंतीकडे बघितलं, मग शेजारच्या नर्सकडे बघितलं, आणि मग ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "पाणी."

"आई, माझ्याकडे बघू नकोस. नुसतं ऐक."

पेटी म्हणाली, "भाकरी." पुन्हा तेच. आधी नर्सच्या तोंडाकडे नजर, मग तो ठणठणीत आवाज. शब्द एकही चुकत नव्हता. फक्त वेळाने येत होता.

"अगं, शेडची सवय ही," ताई ओशाळून म्हणाल्या. "तिथं ऐकू येतंय कुणाला? आधी ओठ बघायचे, मग बोलायचं. तुझे बाबा नि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठांनी भांडायचो."

बायका हसल्या. वैजयंती हसली नाही. तिचा पेटीवरचा हात तसाच थांबला होता.

"सभागृहात कोणाचे ओठ बघतेस?"

"शेजारच्या सोनटक्के गुरुजींचे. अध्यक्ष बसतात लांब, त्यातून माइक तोंडासमोर. गुरुजींचे ओठ हलले की समजायचं प्रश्न झाला."

"मग तू बोलतेस."

"मग बोलते. अध्यक्ष थांबतात की माझ्यासाठी. 'ताईंचं आलं का?' असं विचारतात रोज, गुरुजी सांगतात मला. मग सगळे हसतात जरा. भले गृहस्थ आहेत. वयाचा मान ठेवतात."

वैजयंती उठली. नर्सला म्हणाली, पुढची माणसं तुम्ही घ्या. मग आईचा हात धरून तिला शाळेच्या मागच्या वर्गात घेऊन गेली, मांडीवर संगणक उघडला आणि सात वर्षांपूर्वीचं ते ध्वनिमुद्रण लावलं. या वेळी दोन सेकंदांनी तोडलं नाही. आईच्या उजव्या कानामागे तिने पट्टी बसवली.

आधी होयचा गलका आला. मग नाहीचा आला, किरकोळ. मग तो विरत गेला. मग शांतता. मग अध्यक्ष, हसत: "ताईंचं आलं का?" आणि त्या शांत सभागृहात शेडच्या या टोकापासून त्या टोकाला जाईल असा एक आवाज.

"नाही."

ताईंना तो आवाज ओळखायला क्षणभर लागला. स्वतःचा आवाज इतका स्वच्छ त्यांनी तरुणपणानंतर ऐकलाच नव्हता.

"मी बोलले होते," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांत स्वच्छ तूच बोलली होतीस. माझ्या मशीनने तुला प्रतिध्वनी समजून टाकून दिलं, आणि तिथे हसणाऱ्यांपैकी एकही जण ते सांगायला पुढे आला नाही." वैजयंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "बहिऱ्या लोकांसाठी मशीन केलं मी, आई. आणि बहिरा माणूस कसा बोलतो तेच विसरले. सात वर्षं तुला खोटारडी समजले."

ताईंनी तिला जवळ घेतलं. एवढ्या मोठ्या बाईला असं कुशीत घेताना त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं, पण सोडवेना. डोळे पुसून वैजयंती कामाला लागली. आजच नियम बदलते, म्हणाली, तुझी चौदा वर्षांची मतं संध्याकाळपर्यंत ॲपवर येतील.

"शुक्रवार होऊ दे," ताई म्हणाल्या.

"का? तिकीट जाईल तुझं तोवर."

"जाऊ दे. आईसाठी पोरीने मशीन वाकवलं, असं म्हणतील. मग विधेयक राहील बाजूला, चौकशी बसेल तुझ्या मशीनची. आणि ही पट्टीही शुक्रवारी नको. पोरगी गॅलरीतून कानात सांगत होती म्हणतील."

"मग तू परत उशिरा बोलशील."

"उशिरा बोलेन. पण बोलेन तर."

शुक्रवारी दुपारी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. अशा विधेयकाला व्हिप नसतो, म्हणून हंबीररावांनी आपली पाच माणसं नेमली होती, मतदान लागलंच तर नाही म्हणायला. विरोधकांनीही आपली दोन-तीन नेमून ठेवली होती, त्यांच्यातही शेडमालक होतेच. प्रेक्षक गॅलरीत वैजयंती पहिल्या रांगेत बसली होती. खाली ताई बिनपट्टीच्या कानाने बसल्या होत्या.

ताईंचं भाषण छोटं झालं. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, माझ्या गावात आया लेकरांना अंगाई म्हणतात ती ओरडून म्हणतात. त्यांना वाटतं, सगळ्याच आया तशाच म्हणतात."

कामगार मंत्र्यांनी उठून सांगितलं, की सरकार सकारात्मक आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे. गुरुजींनी तोंड फिरवून ते ताईंना सावकाश पुन्हा सांगितलं. हंबीरराव दोन रांगा पुढून मागे वळून बघत होते, आणि चेहऱ्यावर तीच माया होती.

ताई उभ्या राहिल्या. "मंत्रिमहोदयांचे आभार दहा वेळा मानून झालेत," त्या म्हणाल्या. "मी विधेयक मागे घेत नाही."

त्या खाली बसल्या आणि रीतीप्रमाणे गुरुजींच्या ओठांकडे बघायला लागल्या.

अध्यक्षांनी प्रश्न टाकला. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. गुरुजींचे ओठ हलले नाहीत. गुरुजी भले होते, पण त्यांच्या गावात दोन सूतगिरण्या होत्या आणि दोन्हींचे मालक त्यांचेच माजी विद्यार्थी. कोणाचेच ओठ हलले नाहीत. ताईंना वाटलं, प्रश्न अजून यायचाय.

प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, अध्यक्ष म्हणाले. हंबीररावांच्या पाचांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्याला वाटलं दुसरा म्हणेल. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे आपल्या चौकातला फ्लेक्स आला, त्यावर कामगाराचा कान आणि शेजारी आपला फोटो. तो खोकलादेखील नाही. पलीकडच्या बाकांवरही तेच. आणि ताई गुरुजींच्या मिटलेल्या ओठांकडे बघत वाट पाहत बसल्या होत्या.

दोन सेकंद संपले. फलकावर आकडे उमटले. होय: शून्य. नाही: शून्य.

अध्यक्ष निर्णय द्यायला माइककडे वाकले, आणि चौदा वर्षांच्या सवयीने थांबले. त्यांची मान ताईंच्या दिशेला वळली. एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताईंचं आलं का?"

ताईंना शब्द ऐकू आले नाहीत, पण एवढ्या माना दिसल्या. शेडमध्ये एखादा माग एकाएकी बंद पडला की सगळे असेच बघतात, ज्याचा माग बंद पडला त्याच्याकडे. त्यांनी फलक बघितला. दोन शून्यं बघितली. प्रश्न येऊन गेला होता आणि त्या मागे राहिल्या होत्या, नेहमीसारख्या. मग त्या उठल्या आणि शेडच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"होय."

घुमटात तो आवाज एकटाच फिरून आला.

हंबीरराव ताडकन उठले. "अध्यक्ष महाराज, हरकत आहे. वेळ संपलेली आहे. फलकावर शून्य दिसतंय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "फलकाचं घड्याळ मला ठाऊक आहे. सभागृहाचा नियमही ठाऊक आहे. मी निर्णय देईपर्यंत मतदान खुलं असतं, आणि मी अजून निर्णय दिलेला नाही. इथे कान अजून माझा चालतो." त्यांनी चष्मा सावकाश पुसला. "तेव्हा हरकत घेणाऱ्या सन्माननीय सदस्यांना 'नाही' म्हणायचं असेल, तर त्यांनी ते आता म्हणावं. मोजणी हवी असेल तर तीही मागावी. मी थांबतो."

हंबीररावांनी वर फलकाकडे बघितलं, छताला लटकणाऱ्या माइककडे बघितलं, प्रेक्षक गॅलरीत मोबाइलवर बोट ठेवून बसलेल्या पत्रकारांकडे बघितलं. त्यांच्या साखर कारखान्यात हजारभर माणसं यंत्रांच्या आवाजात काम करत होती आणि त्या प्रत्येकाच्या खिशात ते ॲप होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते खाली बसले.

अध्यक्षांनी आणखी थोडा वेळ दिला. ताईंना वाटलं, हा वेळ कधी संपतच नाही. मग ते माइककडे वाकले आणि या वेळी, मुद्दाम माइक बाजूला सारून, ताईंना ओठ दिसतील असं एकेक अक्षर सुटं करून म्हणाले:

"होयचे बहुमत. होयचे बहुमत. होयचे बहुमत. विधेयक संमत झाले आहे."

एका बाईच्या एका होयने विधेयक पार पडलं होतं. मग गुरुजींनी बाक वाजवलं. बाक वाजवणारा तळहात कोणाचा हे वेचकाला ओळखता येत नव्हतं, हे एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढच्या क्षणी दोन्हीकडची बाकं अशी धडाडली की फलकावरचे दिवे थरथरले. हंबीररावांचे पाचही जण वाजवत होते. शेवटी हंबीररावांनीही दोन बोटांनी वाजवून घेतलं, आणि ताईंकडे वळून मोठ्ठं हसले. त्या हसण्यात चौथ्यांदाचं तिकीट दिसत होतं. वरच्या सभागृहात पुढल्या महिन्यात हेच विधेयक गेलं तेव्हा होय म्हणायला गळ्यांची चढाओढ लागली, पण ते पुढचं.

आत्ता सभागृहात अगदी शेडसारखा खडखडाट चालला होता. ताईंच्या डाव्या कानाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि उजव्याला नुसती कालवाकालव. गुरुजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होते. ताईंनी मान वर करून प्रेक्षक गॅलरीकडे बघितलं.

गॅलरीत बसणाऱ्याला बोलायची, टाळी वाजवायची, हात हलवायचीही मनाई असते. वैजयंती उभी होती, हात कठड्याला घट्ट धरून, गाल ओले. तिने आवाज काढला नाही. शेडच्या या टोकावरून त्या टोकाला तिचे आईबाप भांडायचे, तसे तिने फक्त ओठ हलवले.

"ऐकलं, आई."

ताईंनी ते तिथल्या तिथे वाचलं. आणि या वेळी त्यांना उत्तर द्यायला जराही उशीर झाला नाही.

"होय," त्या म्हणाल्या.